गुरूवरचे हे डाग खरे की मीच काढलेले?

अजिंक्यतारा, सातारा

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथं कडेला बसून नुसता वाचत होतो. आज पहिल्यांदा धागा काढतोय, तोही अडलंय म्हणून.

माझ्याकडे आठ इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण आहे, १२०० मिमी फोकल लेन्थची. त्यावर दोनपट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) आणि दिवाळीत घेतलेला झेडडब्ल्यूओचा एएसआय ४६२ रंगीत कॅमेरा. (कॅमेऱ्याची खरी किंमत घरी अजून सांगितलेली नाही, तेव्हा इथंही कुणी विचारू नये.) दुर्बिणीला मोटर नाही, हातानं ढकलायची.

९ जानेवारी २०२६ च्या रात्री, म्हणजे प्रतियुतीच्या (गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येतो त्या दिवसाच्या) आदल्या दिवशी, गच्चीवर मांडामांड केली. गुरू सध्या मिथुन राशीत, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या जवळ. लॅपटॉप स्टुलावर, त्यावर टीव्हीचं खोकं उपडं, खोक्यात माझं डोकं. गुरू स्क्रीनच्या एका कडेनं आत येतो आणि तीसेक सेकंदांत दुसऱ्या कडेनं निघून जातो. मग नळी ढकलायची, थरथर थांबेपर्यंत श्वास रोखायचा, पुन्हा रेकॉर्ड. असे चार फेरे केले, तेव्हा ११ वाजून २२ मिनिटं झाली होती. नंतर ऑटोस्टॅकर्ट या प्रोग्रॅममध्ये व्हिडिओतल्या निम्म्या फ्रेम एकावर एक रचल्या आणि रजिस्टॅक्सचे वेव्हलेट (पुसट तपशील ठळक करणाऱ्या सरकपट्ट्या) ओढले.

दोन पट्टे बऱ्यापैकी आलेत. रंग मात्र पिवळट, कावीळ झाल्यासारखा. वरच्या पट्ट्याच्या उत्तर काठावर एक आडवी गडद रेघ आहे, खजुराच्या बीसारखी. आणि खाली दक्षिणेकडे एक बारीक काळा ठिपका. मुलगी सातवीत आहे. तिनं स्क्रीन बघितली आणि विचारलं, "बाबा, हे डाग तिथं आहेत का तुम्ही काढलेत?"

मला उत्तर देता आलं नाही. फोटो जोडलाय, तुम्ही सांगा.

चाळीतली_चांदणी, दादर

वाचतेय. उत्तर मलाही हवंय. माझ्या दुर्बिणीतून मोबाइलवर गुरू म्हणजे पेटलेला बल्ब येतो, त्या मानानं तुमचा फारच भारी.

अनुराधा१७, पुणे

आधी शाबासकी. मोटरशिवाय हा छळ मी दोन वर्षं सोसलाय, त्यामुळे खोक्यात डोकं वगैरे सगळं डोळ्यांसमोर आलं.

रंगाचं सोपं आहे. ४६२ चा सेन्सर अवरक्त प्रकाश भरभरून घेतो. आयआर-कट फिल्टर लावल्याशिवाय वापरला तर तो प्रकाश तिन्ही रंगांत मिसळतो आणि सगळं धुतल्यासारखं दिसतं. फिल्टर लावा, कावीळ जाईल.

खरी चूक "निम्म्या फ्रेम" या दोन शब्दांत आहे. आपण ग्रहाचा फोटो काढत नाही, हजारो फ्रेममधून निवडतो. तांदूळ निवडतो तसं, फक्त इथं खडे जास्त आणि तांदूळ कमी. वरची हवा सतत उकळत असते. मधूनच एखादा क्षण ती शांत होते आणि त्या क्षणाची फ्रेम लख्ख निघते. तेवढ्याच उचलायच्या. ९ तारखेला आमच्याकडेही हवा बेताची होती, मी दहा टक्क्यांच्या वर गेले नसते. निम्म्या घेतल्यात म्हणजे चांगल्या फ्रेमवर तुम्ही स्वतःच चिखल ओतलात.

आता निवडायला ढीग मोठा हवा. एक्सपोजर आठ मिलिसेकंदांच्या आसपास, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत, म्हणजे सेकंदाला शंभरेक फ्रेम मिळायला हव्यात. तुम्ही ग्रह पळू देता, त्यामुळे पूर्ण सेन्सर वापरावा लागतो: १९३६ गुणिले १०९६ पिक्सेल. सेकंदाला दोनशे एमबीच्या वर डेटा. लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिला हे झेपत नाही आणि ती गुपचूप फ्रेम गाळते. शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर, ज्यात रेकॉर्ड करता त्यात खाली गळलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो, तो बघितलात का?

पण हा ढीग जमवायला वेळ अमर्याद नाही. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. तुमच्या सेटअपला एक पिक्सेल म्हणजे साधारण पाव विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). बिंबाच्या मधोमध असलेली गोष्ट मिनिटाला जवळपास तेवढीच सरकते. आठ इंची आरशाला अर्ध्या विकलेच्या आसपासचं दिसतं, म्हणजे दोन, फार तर अडीच मिनिटं. त्यापुढे जायचं तर विनज्यूपॉस या प्रोग्रॅममध्ये ग्रहाचं फिरणं उलटं करून घ्यावं लागतं. ते नंतर, आत्ता डोक्याला ताप नको.

आणि मुलीच्या प्रश्नाचं उत्तर याच फिरण्यात आहे. चाळीस मिनिटांच्या अंतरानं दोन व्हिडिओ घ्या, दोन्ही वेगवेगळे रचा, दोन्हीवर तेच वेव्हलेट लावा. मधोमधची खरी गोष्ट तेवढ्यात अडतीस-चाळीस पिक्सेल सरकलेली दिसेल. सरकली तर ती गुरूची. एकाच व्हिडिओत असेल आणि दुसऱ्यात नसेल तर ती तुमची.

अजिंक्यतारा, सातारा

गळलेल्या फ्रेमचा आकडा आत्ता लॉगमध्ये बघितला. घेतल्या ९,८००, गळल्या ४,१००. हार्ड डिस्क फिरतीच आहे. कपाळावर हात.

ताई, ठिपका सेन्सरवरची धूळ असू शकेल का?

अनुराधा१७, पुणे

तुमच्या बाबतीत नाही, आणि ते तुमच्या गरिबीमुळे. मोटर असती आणि ग्रह सेन्सरवर एका जागी बसला असता तर धुळीचा कण सगळ्या फ्रेममध्ये ग्रहाच्या एकाच ठिकाणी उमटला असता. तुमचा गुरू धुळीवरून धावत जातो, त्यामुळे रचताना धूळ पसरून नाहीशी होते. उपग्रहाची सावलीही नसावी. प्रतियुतीच्या वेळी सूर्य आपल्या पाठीमागे असतो, म्हणून सावली त्या उपग्रहाला अगदी चिकटून पडते आणि शेजारी उपग्रहही दिसायला हवा. वेव्हलेट जरा जास्तच ओढलेत एवढं मात्र दिसतंय. गुरूच्या कडेला ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी पांढरी रेघ आहे बघा.

पाटीपेन्सिल, मिरज

मी निवृत्त शिक्षक, चौऱ्याहत्तर वर्षं. पंधरा वर्षांपूर्वी पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुर्बिणीचा आरसा घासायला शिकलो. सहा इंची, एफ ८ (फोकल लेन्थ व्यासाच्या आठपट). काचेवर काच फिरवत महिने काढले, मग सेरियमनं पॉलिश, मग रात्र रात्र जागून आरशाचा आकार तपासायची फूको चाचणी. त्या दुर्बिणीतून बघून वहीत पेन्सिलीनं चित्र काढतो. कॅमेरा नाही, घेणारही नाही.

राग मानू नका, पण हे तुमचं वेव्हलेट मला पटत नाही. सरकपट्टी ओढली की डाग हजर. जे दिसलं नाही ते "काढून दाखवणं" याला आमच्या वेळी वेगळा शब्द होता.

अनुराधा१७, पुणे

सर, नमस्कार. रागाचा प्रश्नच नाही, पण थोडं भांडते.

तुम्ही नेत्रिकेला डोळा लावून बसता तेव्हा काय करता? पंधरा मिनिटं गुरू पाण्याखाली असल्यासारखा हलत असतो, मधेच अर्धा सेकंद थांबतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात दिसलेलं तुम्ही कागदावर उतरवता. बाकीचं टाकून देता. ऑटोस्टॅकर्ट तेच करतं, फक्त मोजून करतं. वेव्हलेट नवीन काही घालत नाहीत. हवेनं आणि आरशानं पुसट केलेला फरक वर उचलतात, त्याबरोबर कचराही वर येतो. म्हणून तर मी दुसरा व्हिडिओ मागितला.

आणि डोळाही काही कमी थापा मारत नाही. १८७७ साली शियापारेल्लीनं मंगळावर रेषा काढल्या, पुढे लॉवेलनं त्यांचं अख्खं कालव्यांचं जाळं केलं. दोघंही पट्टीचे निरीक्षक. सुटे सुटे ठिपके मेंदूनं जोडले. १९०९ मध्ये अँतोनियादीनं पॅरिसजवळ मदाँच्या ३३ इंची दुर्बिणीतून शांत हवेत मंगळ बघितला, तेव्हा त्या रेषा सुटून पुन्हा डाग झाले. लॉवेलकडे तर वेव्हलेट नव्हते!

पाटीपेन्सिल, मिरज

अँतोनियादीचा मुद्दा मान्य. वेव्हलेटचा विचार करतो. आरसा बाहेर ठेवला आहे, थंड होतो आहे, मी चाललो.

लेस्टरकर, इंग्लंड

तुम्हा लोकांना तुमच्याकडे काय आहे ते कळत नाहीये.

२०२० च्या प्रतियुतीला गुरू आकाशात पार दक्षिणेला होता. माझ्या परसातून तो क्षितिजाच्या वर पंधरा अंश चढायचा, शेजारच्यांच्या धुराड्याच्या बरोबर वर. एवढ्या तिरप्या हवेतून प्रकाश आला की वातावरण लोलकासारखं वागतं: एक कड निळी, एक लाल. त्यासाठी एडीसी म्हणून दोन लोलकांची जोडी कॅमेऱ्यापुढे लावून बसायचो. त्याच वर्षी माझा चुलतभाऊ साताऱ्याजवळच कोरेगावला तो पन्नास अंशांवर बघत होता, साध्या डोळ्यांनी, हातात चहाचा कप घेऊन.

यंदा मला साठ अंश मिळालेत आणि मी हरखलोय. तुम्हाला पंच्याऐंशी! इथले डेमियन पीच, ग्रहांच्या छायाचित्रणात ज्यांचं नाव पहिलं घेतात, ते चांगल्या हवेसाठी सामान घेऊन बार्बाडोसला जायचे. २००६ मध्ये गुरूवरचा पांढरा अंडाकार डाग लाल होत चाललाय हे ज्यानं पकडलं तो ख्रिस्तोफर गो फिलिपिन्समधल्या सेबूचा. उष्ण कटिबंधात राहता म्हणजे निम्मी दुर्बीण फुकट मिळालीय.

अजिंक्यतारा, सातारा

पंच्याऐंशी खरंय, पण डॉब्सोनियनला डोक्यावरचं आभाळ म्हणजे शिक्षा आहे. नळी उभी झाली की आडवी फिरवायला हातात जोरच येत नाही. ढकलली तर अडते, जास्त ढकलली तर उडी मारते.

अनुराधा१७, पुणे

म्हणून तर डोक्यावर येण्याची वाट बघू नका. साठ-सत्तर अंश पुरे. त्यापुढे मिळणारा फायदा ढकलाढकलीत वाया जातो.

चाळीतली_चांदणी, दादर

प्रश्न: दादरमध्ये आभाळ नारिंगी असतं. शहराबाहेर अंधारात, वांगणीला वगैरे जावं लागेल का?

अनुराधा१७, पुणे

मुळीच नाही. तेजोमेघांना अंधार लागतो, ग्रहांना लागत नाही. गुरू उणे २.७ प्रतीचा आहे (आकडा जितका उणे तितकं तेज जास्त), रस्त्यावरच्या दिव्यांना तो भीक घालत नाही. त्याला हवी स्थिर हवा. उलट उत्तरेचं वारं सुटून आभाळ काचेसारखं स्वच्छ झालं आणि तारे लुकलुकायला लागले की मी कॅमेरा काढतच नाही. हिवाळ्यात उत्तर भारतावरचा जेट प्रवाह (खूप उंचावरचं वेगवान वारं) खाली घसरला की आपल्याकडे हे होतं. आणि कधी कधी जरा धुरकट, कोंदट, "आज काही खरं नाही" वाटणाऱ्या रात्री तारे खिळ्यासारखे स्थिर असतात. त्या रात्री जागा.

शहरात छळतं ते वेगळंच. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत बसतो. त्यात शेजारी सोलरची टाकी, खाली एसीचा डबा. गुरूच्या दिशेला यातलं काही नाही ना ते बघा. शक्य असेल तर मातीवर मांडा. आणि आरसा किमान तासभर आधी बाहेर काढून ठेवा. आरसा हवेपेक्षा गरम असला तर नळीच्या आतच वाफाळल्यासारखं होतं आणि माणूस आभाळाला शिव्या घालतो.

संत्रानगरी, नागपूर

चांदणीताई, बल्बचं माझ्याकडे औषध आहे. मोबाइल होल्डरमध्ये बसवा, व्हिडिओ लावा, गुरूवर बोट दाबून ठेवा म्हणजे फोकस आणि एक्सपोजर लॉक होतं, मग सरकपट्टी खाली, आणखी खाली, पट्टे दिसेस्तोवर खाली. पिप या प्रोग्रॅममध्ये टाका, तो ग्रह मधोमध आणून एव्हीआय व्हिडिओ करून देतो. मी ११४ मिमीच्या दुर्बिणीतून एवढ्यावरच काम चालवतो.

नोव्हेंबरात शनी असाच घेतला. कडी जवळजवळ मिटलेली, अर्ध्या अंशाहून कमी कललेली. चेंडूत सुई खुपसल्यासारखा फोटो. घरचे म्हणाले, शनीची कडी कोणी नेली बे?

मांडवीकाठ, पणजी

आमच्या किनाऱ्यावर हवा बहुतेक वेळा शांत असते, पण दंव! माझी आठ इंची श्मिट-कॅसग्रेन, पुढची काच उघडीच. साडेदहाला काच अशी भिजते की बोटानं नाव लिहावं. योगाच्या मॅटची गुंडाळी करून पुढे बसवली, तासभर जास्त मिळतो. तेही संपलं की हेअर ड्रायर, अगदी मंद. एकदा जोरात लावला आणि पुढची वीस मिनिटं गुरू तळून निघाला.

अजिंक्यतारा, सातारा

फोकसचं काय करता? बटणाला हात लावला की गुरू नाचतो. तो थांबेपर्यंत स्क्रीनच्या बाहेर.

अनुराधा१७, पुणे

कपडे वाळत घालायचा चिमटा. फोकसच्या बटणाला आडवा लावा आणि चिमट्याच्या टोकाला करंगळीनं ढकला. टोक लांब असल्यामुळे बटण केसभर फिरतं आणि थरथरही कमी. लाकडी चिमटा घ्या, प्लॅस्टिकचा निसटतो. फोकस गुरूवर करू नका, त्याचे उपग्रह बघा. जिथं ते सगळ्यात बारीक दिसतील तिथं सोडा.

तारखेचंही सांगते. गुरूच्या एका फेरीला साधारण ९ तास ५५ मिनिटं ४० सेकंद. बारा फेऱ्यांना ११९ तास ८ मिनिटं. म्हणजे ९ तारखेला ११.२२ ला तुमच्यासमोर जी बाजू होती ती संक्रांतीच्या रात्री साडेदहाला पुन्हा समोर येते. दहा ते अकराच्या मध्ये दोन व्हिडिओ घ्या.

तळटीप, ठाणे

ठिपका हसण्यावारी नेऊ नका. १९ जुलै २००९ ला ऑस्ट्रेलियात अँथनी वेस्लीला साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ असाच एक काळा डाग दिसला. आधी वाटलं नेहमीचं वादळ असेल, मग उपग्रहाची सावली असेल. पण डाग ग्रहाबरोबर फिरत होता. काहीतरी आदळल्याची ती खूण निघाली. शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले त्याला तेव्हा बरोबर पंधरा वर्षं झाली होती.

अनुराधा१७, पुणे

खरंय. आणि वेस्लीनंही तेच केलं: थांबून, तो फिरतोय का ते बघितलं.

सुतारपक्षी, नाशिक

ढकलाढकलीला कंटाळलात की प्लायवूडचा ईक्यू प्लॅटफॉर्म (आभाळाच्या फिरण्याबरोबर हळूहळू फिरणारा पाट) करा, वर डॉब्सोनियन तशीच ठेवायची. मी केलाय. फक्त जालावरचे आराखडे बहुतेक चाळीस अंश अक्षांशाचे असतात. मी पहिला तसाच कापला आणि तो आभाळातल्या भलत्याच बिंदूभोवती फिरला. साताऱ्याला पावणेअठरा अंश धरा. हवा असेल तर माझा आराखडा व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवतो.

अजिंक्यतारा, सातारा

मंडळी, संक्रांतीचा वृत्तांत.

आयआर-कट लावला. मुलीच्या गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, तो दोन तासांसाठी भाड्यानं मिळाला (भाडं: तिळाच्या वड्या, मोजून आठ). गच्ची सोडून मागच्या परड्यात मातीवर मांडलं. आरसा साडेआठला बाहेर. चिमटा लाकडी. हवा धुरकट, तारे स्थिर. ताई, तुमच्या त्या कोंदट रात्रीबद्दलचं लिहिलेलं आठवून थांबलो, नाहीतर झोपलो असतो.

पहिला व्हिडिओ १०.०६, दुसरा १०.४६. गळलेल्या फ्रेम शून्य. दहा टक्के घेतल्या. दोन्हींना तेच वेव्हलेट, तेही पहिल्यापेक्षा निम्मेच ओढले. मुलीला खुर्चीवर बसवलं, दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून मागेपुढे करायला लावली.

खजुराची बी दोन्हींत आहे. तिनं पट्टीनं नाही, कर्सरनं मोजलं: सदतीस पिक्सेल सरकली.

काळा ठिपका दोन्हींत नाही. तो मीच काढला होता.

तिच्या मते माझा स्कोअर पन्नास टक्के.

अनुराधा१७, पुणे

पहिल्याच मोहिमेत पन्नास म्हणजे पुष्कळ! तुमच्या बीला बार्ज म्हणतात. उत्तरेच्या पट्ट्याच्या काठावर असे गडद तपकिरी लांबट डाग असतात आणि ते बरेच दिवस टिकतात. आता गुरूचा तो प्रसिद्ध मोठा तांबडा डाग कधी समोर येतो ते काढा. १९७९ साली व्हॉयेजर यानांच्या वेळी तो तेवीस हजार किलोमीटर लांब होता, २०१४ मध्ये हबल दुर्बिणीनं मोजला तेव्हा साडेसोळा हजार भरला. आकसतोय, लवकर घ्या.

मांडवीकाठ, पणजी

वड्या आठ फार झाल्या.

पाटीपेन्सिल, मिरज

आज वही उघडली. ९ जानेवारी, रात्री ११ वाजून १० मिनिटं, सहा इंची, १५० पट. उत्तरेच्या पट्ट्याच्या काठावर एक गडद आडवी खूण मी काढलेली आहे. तेव्हा खात्री नव्हती म्हणून शेजारी प्रश्नचिन्ह घातलं होतं. खोडरबरानं पुसलं.

दक्षिणेकडचा ठिपका माझ्याही पानावर नाही.

अजिंक्यतारा, सातारा

सर! पानाचा फोटो टाका ना इथं. मुलीला दाखवायचाय.

पाटीपेन्सिल, मिरज

सांगितलं ना, कॅमेरा नाही. पत्ता व्यनि करा. झेरॉक्स काढून पोस्टानं पाठवतो, तिच्या नावे.